एक मूठ जुना भुसा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या उंदीरखान्यात एकदा बिबट्या शिरलेला. येऊरच्या डोंगरावरून उतरला, दोन कारखान्यांच्या पत्र्यांवरून चालत आला आणि खिडकीची जाळी फाडून त्याने आत उडी मारली. आत शेकडो पांढरे उंदीर. ते सगळे एकाच वेळी मागच्या पायांवर उभे राहिले आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जनावर ओशाळलं. मी झाडूने दार दाखवलं, तसा खाली मान घालून निघून गेला. अंगावर एकशे चौदा ठिपके होते. मी मोजले.

ही गोष्ट मी बावीस वर्षं सांगितली. चहावाल्याला सांगितली, सिक्युरिटीला सांगितली, नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक सायंटिस्टला पहिल्याच आठवड्यात सांगितली. दरवर्षी बिबट्या थोडा वाढायचा. शेवटी शेवटी तो त्या खिडकीतून मावेना, मग मला खिडकी मोठी करावी लागली.

तो बोका होता. एक कान तुटका, पोट खपाटीला गेलेलं, आणि जाळी आधीपासूनच फाटलेली. हे मी आजवर दोनदाच कबूल केलंय. एकदा इथे, आणि एकदा एका खोलीत, जिथे ते कबूल करून कुणाचंच भलं झालं नाही.

आमची संस्था लहान होती. औषधं माणसाला देण्याआधी उंदरांना देऊन बघायची, असलं काम. मी उंदरांचा सांभाळ करायचो. पिंजरे धुवायचे, खाद्य घालायचं, पाणी भरायचं, मेलेला बाजूला काढायचा, जन्मलेले मोजायचे. डोंबिवलीकडे आमची शेती होती, तिच्यावर टॉवर उभे राहिले आणि त्यात आम्हाला दोन फ्लॅट मिळाले. म्हणजे नोकरीवाचून अडलेलं नव्हतं. पण आगरी माणसाला गाईगुरांशिवाय करमत नाही आणि टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर म्हैस बांधायला सोसायटी देत नाही. म्हणून उंदीर.

तर उंदीर दोन प्रकारचे. एक आमचे जुने, तिथेच पिढ्यान् पिढ्या वाढलेले. ते मागच्या रॅकवर असायचे. त्यांच्यावर प्रयोग सहसा होत नसत, ते नुसतेच वंश चालवायचे, एखाद्या जुन्या घराण्यासारखे. दुसरे प्रयोगाचे. ते बाहेरून खोक्यांत यायचे, एका वजनाचे, एका वयाचे, धुतल्यासारखे स्वच्छ. त्यांना धुतलेल्या पिंजऱ्यात नव्या भुशावर सोडायचं असा नियम. मग मी रजिस्टरमध्ये लिहायचो, 'पिंजरा स्वच्छ, भुसा नवा', आणि खाली सही.

पण नवे उंदीर नव्या भुशावर सोडले की कोपऱ्यात एकावर एक चढून बसायचे. खायचे नाहीत. दोन-दोन दिवस नुसते थरथरायचे. मला ते बघवायचं नाही. आमची शेजारीण नव्या टॉवरात राहायला गेली आणि तिचं दही काही केल्या लागेना, तेव्हा बायकोने तिला डबीत आपलं दही नेऊन दिलं. म्हणाली, "माजं विरजन गेल्याबिगर तिच्या घरात दही लागाचं नाय." लागलं. तेच मी उंदरांना केलं. मागच्या रॅकवरच्या एखाद्या पिंजऱ्यातून मूठभर जुना भुसा उचलायचा, लेंड्याबिंड्यांसकट, आणि नव्यांच्या पिंजऱ्यात टाकायचा. नवे उंदीर तो हुंगायचे, उकरायचे, लेंड्या खायचे. उंदीर खातातच त्या. आणि तासाभरात हातपाय पसरून झोपायचे, जणू माहेरी आलेत.

नियमात बसत नव्हतं. म्हणून कुणाला सांगितलं नाही. रजिस्टरमध्ये 'भुसा नवा'. मला तर त्या रजिस्टरच्या टापटिपीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालेलं, फ्रेम करून दारावर लावलेलं. नवीन लोकांना नियम शिकायला आमचे साहेब माझ्याकडेच पाठवायचे.

ती नवी सायंटिस्ट म्हणून आली तेव्हा तिलाही मीच शिकवलं. कल्याणला कोळसेवाडीच्या चाळीत राहायची, वडील फिटर, घरात कॉलेजपर्यंत पोचलेली पहिली, आणि पीएचडी म्हणजे तर चाळीतलीच पहिली. मी तिला बिबट्या सांगितला. तिने सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "काका, एकशे चौदा ठिपके दोन्ही बाजूंचे मिळून की एकाच बाजूचे?"

मी म्हटलं, "एकाच. दुसरी बाजू भिंतीकडे होती."

"मग दोनशे अठ्ठावीस धरू या," ती हसत म्हणाली आणि वहीत लिहिलंन् देखील. त्या दिवसापासून मी तिला बाय म्हणायला लागलो. आमच्यात लेकीला तसंच म्हणतात. बुद्धपौर्णिमेला तिने माझ्यासाठी डबाभर खीर आणली, आणि मी ती चौघांत वाटायची सोडून एकट्याने खाल्ली. यात अतिशयोक्ती नाही.

तिचं काम असं. उंदराच्या आतड्याला सूज आणायची आणि एका झाडाच्या सालीचा अर्क पाजायचा. अर्ध्या उंदरांना अर्क, अर्ध्यांना नुसतं पाणी. वागळे इस्टेटला अर्काचे उंदीर टुणटुणीत व्हायचे आणि पाण्याचे झुरायचे. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. साहेब खूश. साहेब नौपाड्यातले, बोलणं मोजून मापून, पण तिच्याबद्दल बोलताना त्यांचंही माप चुकायचं. "ही मुलगी आपलं नाव काढणार," म्हणायचे. तिच्या वडिलांनी चाळीत पेढे वाटले.

मग संस्था कोलशेतला नव्या इमारतीत गेली. काय इमारत. पिंजऱ्यांना काचेची दारं, प्रत्येक पिंजऱ्याला वेगळी हवा, आत जायचं तर अंघोळ करून, आणि प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा. मागच्या रॅकवरचे जुने उंदीर तिथे न्यायचे नाहीत असं ठरलं, त्यांच्या अंगावर काय काय असेल म्हणून. ते वागळेलाच राहिले, जागा मोकळी करेपर्यंत. मी एक दिवस आड जाऊन त्यांना खाद्य घालून यायचो. कोलशेतला सगळे नवे, बाहेरून आलेले. आणि कॅमेऱ्यासमोर मूठभर भुसा इकडून तिकडे नेण्याची माझी हिंमत नव्हती. न्यायला तिथे जुना भुसाही नव्हता.

तिने प्रयोग पुन्हा केला. अर्काचे झुरले आणि पाण्याचेही झुरले. पुन्हा केला. तेच.

पुढचे दोन महिने ती पोरगी उंदरांपेक्षा जास्त झुरली. पाणी तपासलं. खाद्याची पोती बदलली. दिवे किती तास चालू असतात ते मोजलं. मला विचारलं, "काका, तुम्ही साबण बदललात का?" मी खरं तेच सांगितलं, की लग्नापासून एकच साबण आहे. मग एका दुपारी कँटीनमध्ये माझ्यासमोर वही उघडून बसली.

"काका, वागळेला तुम्ही काही वेगळं करायचात का? काहीही. अगदी लहानसं असलं तरी चालेल. इथे जे करत नाही असं."

भुसा माझ्या जिभेवर आलेला. देवाशपथ आलेला. पण तिच्या वहीत गेलं की साहेबांच्या टेबलावर जाणार, आणि साहेब विचारणार की मग इतकी वर्षं रजिस्टरमध्ये 'भुसा नवा' कोण लिहीत होतं. नोकरी गेली असती तर गेली असती. भीती होती ती त्या फ्रेमची. असल्या फालतू गोष्टीची माणसाला किती भीती वाटते.

"गायचो," मी म्हटलं.

"काय?"

"धवले. आमच्या लग्नांत धवलारिणी म्हणतात ती गाणी. संध्याकाळी पिंजरे पुसताना म्हणायचो. उंदीर तालावर मिशा हलवायचे."

ती हसेल असं मला वाटलेलं. बिबट्याला ती हसली होती. पण तिने लिहून घेतलं. किती वेळ, कुठल्या सुरात, रोज की अधूनमधून. बुडत्या माणसाला दोरी म्हणून मी साप दिला आणि तिने तो नीट गुंडाळून हातात घेतला. दुसऱ्या दिवशी तिने मला फोनमध्ये गायला लावलं. मी हळदीची पाच गाणी गायलो. नवरीच्या मावशीचं म्हणणंसुद्धा मीच म्हटलं.

आठवडाभर कोलशेतच्या त्या काचेच्या खोलीत धवले वाजले. घरी ही गंमत सांगितली तर बायको हातातलं लाटणं थांबवून बघत राहिली. भुशाचं तिला ठाऊक होतं. म्हणाली, "उंदरांना गानी गाता, आनि त्या पोरीशी खरं बोलाला तुमची जीभ वलत नाय?" मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पाचव्या दिवशी साहेब फेरीवर आले. दारात उभं राहून त्यांनी एक अख्खं कडवं ऐकून घेतलं.

"बाई, आपलं इथे संशोधन चाललंय की हळद?"

ती म्हणाली, "सर, वागळेत आवाज वेगळा होता, तो फरक काढून बघतेय."

"फरक काढा," साहेब म्हणाले. "जरूर काढा. पण फरक नेमका कशात पडलाय याचाही विचार करा." आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते तिच्याबद्दल बोलताना पुन्हा शब्द मोजायला लागले.

ती माझ्यावर चिडली नाही. उलट मलाच समजावत बसली, बहुतेक स्वतःलाच समजावत असावी. "काका, उंदराच्या पोटात जंतूंचं एक अख्खं गाव असतं. औषध आधी त्या गावातून जातं. तिथे कोण राहतं त्यावर ठरतं औषधाचं काय होणार. म्हणून तर एका लॅबचा उंदीर आणि दुसऱ्या लॅबचा उंदीर, जात तीच, वजन तेच, आणि उत्तर वेगळं येतं. पण माझं कोडं असं आहे की माझे उंदीर वागळेलाही बाहेरूनच आलेले आणि इथेही बाहेरूनच आलेत. एकाच ठिकाणाहून. मग गाव बदललं कुठे?"

मी चहा ढवळत होतो. साखर केव्हाच विरघळलेली.

"मागच्या रॅकवरचे जुने अजून आहेत ना वागळेला?" तिने विचारलं.

"आहेत."

"त्यांच्या लेंड्या तपासल्या असत्या. पण सर म्हणतात, त्यांचा आणि तुमच्या उंदरांचा काय संबंध. आणि बरोबर आहे. काहीच संबंध नाही."

जगात त्या घडीला एकच माणूस होता ज्याला तो संबंध माहीत होता. तो बिस्किट बुडवत होता. बिस्किट तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढण्यात मी एवढा वेळ घालवला की ती उठून गेली.

चार दिवसांनी वागळेची जागा मोकळी करण्याचा हुकूम आला. मीच गेलो. मागची रॅक मीच संपवली. नळीने गॅस सोडायचा, ते झोपतात, मग उठत नाहीत. मी ते काम शेकडो वेळा केलेलं. त्या दिवशी करताना मला माहीत होतं की मी काय संपवतोय, म्हणजे पुरतं माहीत नव्हतं, पण जेवढं माहीत होतं तेवढं हात थांबवायला पुरेसं होतं. हात थांबले नाहीत. भुशाच्या पिशव्या बांधल्या, जाळायला पाठवल्या. शेवटचा पिंजरा धुतला. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'रॅक रिकामी', खाली सही. बावीस वर्षांतली ती एकमेव नोंद जी शंभर टक्के खरी होती.

महिन्याने तिला बोलावणं आलं. साहेब आणि समितीचे दोघे. वागळेतले आकडे तुम्ही जुळवून आणलेत का, असा प्रश्न. मी बाहेर बाकावर बसलेलो, काचेतून तिची पाठ दिसत होती. ती पाठ बघून मला राहवलं नाही आणि मी न विचारता आत गेलो.

सगळं सांगितलं. मूठ, जुना भुसा, लेंड्या, रजिस्टर, सही. गाणी खोटी हेही सांगितलं.

साहेबांनी मग चष्मा काढला.

"आणि बिबट्या?"

"तो बोका होता साहेब."

समितीतला एकजण हसला. साहेब हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "तुम्ही चांगले माणूस आहात. मुलीसारखी आहे तुम्हाला, कळतं मला. पण मागच्या महिन्यात गाणी होती, आज भुसा आहे. उद्या काय असेल? तुमचं रजिस्टर माझ्याकडे आहे. त्यात रोज 'भुसा नवा' आहे. मी रजिस्टरवर विश्वास ठेवू की तुमच्यावर?"

"जुन्या उंदरांच्या लेंड्या तपासा," ती एकदम म्हणाली. मागे वळली होती. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्यात जीव आलेला. "सर, मागची रॅक आहे ना, त्यांच्या..."

"रॅक रिकामी केली," मी म्हटलं. "मी."

खोलीत नंतर जे बोलणं झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की समितीतल्या दुसऱ्याने तिला विचारलं, यांना इथे यायला तुम्ही सांगितलंत का. म्हणजे माझं खरं बोलणंही तिच्याच खात्यावर चोरी म्हणून पडलं.

तिने काम मागे घेतलं आणि संस्था सोडली. जाताना मला भेटली नाही. पुढची बुद्धपौर्णिमा आली तेव्हा मी उगाच डब्याचं झाकण उघडून बघितलं, बायकोने भाजी-भाकरीच दिलेली. मी नोकरीचे उरलेले दिवस भरले. माझ्यावर कारवाई झाली नाही, कारण माझ्या गुन्ह्यावर कुणाचा विश्वासच बसला नाही. फ्रेम आता घरी आहे, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून.

मागच्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. नौपाड्यात एक पॅथॉलॉजी लॅब आहे, तिथे गेलो. नंबर आला, आत गेलो, खुर्चीवर हात ठेवला, आणि पट्टा बांधायला जी पुढे आली ती तीच.

"मूठ आवळा, काका," ती म्हणाली. जणू आम्ही कालच भेटलोय.

सुई लागली ती कळलीही नाही. हे मी तिला चांगलं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच कळली नाही. कापूस दाबून तिने हात दुमडायला सांगितलं, आणि उठायच्या आत म्हणाली, "एक विचारू?"

"विचार ना बाय."

तिने खिशातून पेन काढलं. पावतीच्या पाठीवर लिहायला लागली. "तो भुसा. किती घालायचात?"

"एक मूठ. कधी दोन."

"एक की दोन?"

"बघून घालायचो. जास्त घाबरलेले दिसले तर दोन."

पेन थांबलं. "म्हणजे सगळ्या पिंजऱ्यांत सारखं नाही."

"नाही."

"माझ्या उंदरांच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत अर्कवाले, खालच्या रांगेत पाणीवाले. दोन्ही रांगांना घातलात?"

मी आठवून बघितलं. ती वरची रांग, ती खालची. खाली वाकायला लागायचं. त्या वर्षी माझी कंबर धरलेली. का पुढच्या वर्षी?

"काका, नीट आठवा. वरच्यांना घातला आणि खालच्यांना नाही, असं झालं असेल का? कारण तसं असेल तर अर्काने काहीच केलं नव्हतं. तुमच्या मुठीने केलं. मग मी उगाचच..." ती थांबली. "आणि दोन्हीकडे सारखा घातला असेल तर माझा अर्क खरा होता. मला बाकी काही नको. एवढंच सांगा."

बाहेर कुणीतरी पुढचा नंबर पुकारला. ती हलली नाही. मला कळत होतं तिला कुठलं उत्तर हवंय. ते देणं माझ्यासारख्याला काय कठीण होतं. दोन्ही रांगांना, सारखी, एकेक मूठ, उजव्या हाताने, असं मी डोळ्यांत डोळे घालून सांगू शकलो असतो, वर दोन उंदरांची नावंही सांगितली असती. तिने मानलं असतं. गाण्यांच्या वेळी मानलंच होतं.

"नाही आठवत बाय," मी म्हटलं. "कुठे लिहिलेलं नाही."

तिने मान हलवली. पावती उलटी केली, रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळेल असं सांगितलं आणि ती माझ्या हातात दिली.

नौपाड्यातून स्टेशनपर्यंत मी चालत आलो, हात अजून दुमडलेलाच. ती पावती माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला 'एक/दोन' असं लिहिलेलं आहे, आणि त्यापुढे दोन रिकाम्या रेघा, एक वर, एक खाली. मी रोज आठवून बघतो. त्या नसलेल्या बिबट्याच्या अंगावर एकशे चौदा ठिपके होते, एका बाजूला. खालच्या रांगेपाशी मी वाकलो की नाही, ते काही केल्या दिसत नाही.